खरवडलेल्या डांबराचा हिशेब ठेवा: सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

रस्त्यांच्या कामांवर शाखा अभियंता म्हणून माझी सारी नोकरी गेली. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी रस्ता खरवडणारे मिलिंग मशीन दिसले की पाय थांबतातच. गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका रस्त्याचा वरचा थर निघत होता. मशीनच्या पट्ट्यावरून काळा चुरा डंपरमध्ये पडत होता. तो डंपर कुठे जातो ते पाहायला मी मुद्दाम मागे गेलो. ओढ्याकाठी एक खड्डा होता, त्यात तो रिकामा झाला. चारच दिवसांनी त्याच रस्त्यासाठी दूरच्या क्रशरवरून नव्या खडीच्या गाड्या सुरू झाल्या.

साहेब, त्या खड्ड्यात काय गेले त्याचा हिशेब मांडतो. सात मीटर रुंदीचा एक किलोमीटर रस्ता धरा. 40 मिलिमीटर थर खरवडला तर 280 घनमीटर माल निघतो. घनमीटरला सुमारे 2.3 टन वजन धरले तर 640 टनांच्या आसपास, म्हणजे 16 टनी डंपरच्या चाळीस खेपा. त्यात पाच टक्के डांबर धरले तर 30 टनांहून जास्त डांबर आणि सुमारे 600 टन खडी. ही खडी कुठल्यातरी डोंगरातून सुरुंग लावून काढलेली, फोडलेली, चाळलेली आहे. डांबराचे तर काय सांगावे! देशाला लागणाऱ्या डांबराचा मोठा हिस्सा आपण बाहेरून आणतो आणि त्यासाठी परकीय चलन मोजतो.

थर टाकताना आम्ही मोजमाप पुस्तिकेत मिलिमीटरपर्यंत नोंद करायचो. जाडी कमी भरली तर बिलातून रक्कम कापायचो. तोच थर काढताना मात्र माझ्या अंदाजपत्रकांत ‘निघालेल्या मालाची विल्हेवाट लावणे’ एवढीच ओळ असायची. किती टन निघाला, कुठे ठेवला, कोणाच्या ताब्यात गेला, याला रकानाच नव्हता. त्या अंदाजपत्रकांवर माझीही सही आहे. म्हणूनच हे पत्र लिहितो आहे.

जुने डांबर मेले, असे अनेकांना वाटते. तसे नसते. ऊन आणि हवेतला प्राणवायू यांनी ते कडक होते, त्यातला तेलकटपणा कमी होतो. डांबर किती मऊ ते पाहायला प्रयोगशाळेत 25 अंश तापमानाला 100 ग्रॅम वजनाची सुई पाच सेकंद सोडली, तर रस्त्यांसाठीच्या व्हीजी-30 या प्रतीच्या नव्या डांबरात ती किमान साडेचार मिलिमीटर शिरली पाहिजे. जुन्या थरातून काढलेल्या डांबरात ती निम्मीही जात नाही, असे मी कित्येकदा पाहिले आहे. पण त्यात मऊ प्रतीचे नवे डांबर किंवा पुनरुज्जीवक तेल योग्य प्रमाणात मिसळले की ते पुन्हा खडीला धरते. ‘शिळ्या कढीला ऊत’ म्हणून एका वरिष्ठांनी माझा प्रस्ताव परत पाठवला होता. तेव्हा मी गप्प बसलो. आज बसणार नाही.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. हा चुरा थेट ज्योतीखाली घातला तर डांबर जळते, धूर होतो. म्हणून नवी खडी जास्त तापवून तिच्या उष्णतेने चुरा तापवायचा असतो, आणि त्यासाठी खडी-डांबर तापवून मिसळणाऱ्या हॉट मिक्स प्लांटला चुरा आत घेण्याची वेगळी सोय लागते. ढीग उघड्यावर भिजला तर पाणी उडवण्यातच इंधन जाते. त्यावर पत्र्याची शेड हवी. माती मिसळली तर सगळेच वाया. आणि पुनर्वापराच्या नावाखाली न चाळलेला, न तपासलेला चुरा रस्त्यात दडपला जाईल, ही भीती तर अगदी खरी आहे. म्हणूनच सुरुवात थोड्या प्रमाणाने व्हावी. अमेरिकेत 15 टक्क्यांपर्यंत जुना माल घातला तर नव्या डांबराची प्रत बदलावी लागत नाही, असा ठोकताळा आहे. तिथे 1973 च्या तेलसंकटानंतर हे काम जोमाने सुरू झाले आणि आज नव्या मिश्रणात सरासरी एक पंचमांश जुना माल असतो. जपानमध्ये उखडलेले डांबरी काँक्रीट 99 टक्क्यांहून जास्त पुन्हा वापरात येते. आपल्याकडेही रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसने 2015 साली याच विषयावर आयआरसी:120 ही मार्गदर्शिका काढली. पुस्तक कपाटात आहे. निविदेत यायचे बाकी आहे.

ठेकेदार आपणहून हे करणार नाही, आणि त्याला मी दोष देत नाही. दोष दायित्वाच्या काळात, म्हणजे काम झाल्यावर दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदारावर असते त्या मुदतीत, रस्ता फुटला तर खर्च त्याच्या माथी. कामांच्या सरकारी दरसूचीत दर नसेल, खात्याचा लेखी आधार नसेल, तर तो धोका का पत्करेल?

माझ्या गावातल्या जुन्या घराचे एक सांगतो. लहानपणी रस्त्यावरून ओट्यावर चढायला दोन पायऱ्या होत्या. दर काही वर्षांनी जुन्यावर नवा थर चढत गेला. पाच-पाच सेंटीमीटरचे सहा थर म्हणजे जवळपास एक फूट. आज रस्त्यावरून घरात उतरावे लागते, आणि मोठ्या पावसात आई उंबऱ्याशी पोती रचून बसते. अशी घरे गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी तरी आधी खरवडणे आणि मगच नवा थर टाकणे हा नियम हवा. आणि खरवडायचे ठरले की निघालेल्या मालाचा प्रश्न येणारच.

म्हणून विनंती अशी, की प्रत्येक अंदाजपत्रकात खरवडलेल्या मालाचे टन लिहिले जावेत, वजनकाट्याच्या पावत्या लागाव्यात आणि तो माल खात्याच्या मालकीचा म्हणून विभागवार ढिगात, शेडखाली जमा व्हावा. रस्त्याच्या थरात घालण्याच्या लायकीचा नसलेला माल बाजूपट्ट्यांना आणि पाणंद रस्त्यांना द्यावा. पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून शेतमाल काढणाऱ्यांना त्याचा मोठा उपयोग होईल. राज्य दरसूचीत पुनर्वापरित मिश्रणाचा दर यावा. चुऱ्याची तपासणी ठेकेदाराच्या नव्हे, खात्याच्या गुणनियंत्रण प्रयोगशाळेत व्हावी आणि तिचे निकाल कामाच्या फलकावर लागावेत.

या हंगामात निदान एका जिल्ह्यात, पाच किलोमीटर तरी करून पाहा. शेजारचे पाच किलोमीटर नेहमीच्या मिश्रणाचे ठेवा आणि दोन्ही पावसाळ्यानंतर लोकांना दाखवा. तो जिल्हा कुठलाही असो, प्लांटवर तापमान नोंदवायला आणि ढिगातले नमुने काढायला मी विनामानधन येईन. थर्मामीटर माझा स्वतःचा आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शाखा अभियंता