तरुणांना बोल लावण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अग्रलेखात आपण गोव्यातल्या तरुणांना चांगलंच फैलावर घेतलंत. दिवसभर मोबाईल हातात असतो, पण मतदार यादीत नाव घालायला यांना वेळ नाही, असा एकूण सूर होता. आपल्या लेखणीबद्दल मला आदर आहे, पण हे वाक्य मला फार झोंबलं. माझा मुलगा नाव घालायला गेला होता. त्याला परत पाठवलं.

त्याला मार्चमध्ये अठरा पूर्ण झाली. एप्रिलमध्ये बारावीची परीक्षा आटोपल्यावर तो आणि त्याचे वर्गमित्र मिळून तालुक्याच्या कार्यालयात गेले. मीही सोबत होतो. नवीन मतदाराच्या नोंदणीचा फॉर्म ६ भरलेला, फोटो चिकटवलेला, जन्मदाखला आणि आधारची झेरॉक्स टाचणीने जोडलेली. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने फॉर्म हातात घेतला, जन्मतारखेवर पेनाचं टोक ठेवलं आणि म्हणाला, "एक जानेवारीला अठरा पूर्ण नव्हती. आता पुढच्या जानेवारीनंतर या." पुढचं काही वाचलंही नाही. सगळ्यांचे फॉर्म तसेच परत आले. मी विचारलं, तर "नियम आहे" एवढंच उत्तर.

नियम तसा नाही. तो बदलून आता काही वर्षं झाली. ऑगस्ट २०२२ पासून अठरा पूर्ण झाली की नाही हे बघायला वर्षातून चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. मार्चमध्ये अठरा पूर्ण झालेला मुलगा १ एप्रिलच्या तारखेत बसतो. इतकंच काय, सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो. म्हणजे ही मुलं अकरावी-बारावीत असतानाच हायर सेकंडरीत बसून सगळ्यांचे अर्ज भरून घेता आले असते. पण तिथे काय होतं? २५ जानेवारीला मतदार दिनाची शपथ होते, फोटो निघतो, आणि अर्ज कुठे द्यायचा हे कोणी सांगत नाही.

मुलाचं काम शेवटी झालं. आमच्या वाड्यावर बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रापुरती मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकारी, म्हणून फिरणाऱ्या शिक्षिका बाईंना विचारलं. त्यांनी ऑनलाईन अर्ज करायला लावला, पडताळणीला स्वतः घरी आल्या आणि नाव चढलं. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण बाकीच्या मुलांचं काय? त्यातला एक इंजिनीयरिंगला बाहेर गेला, दोघे कामाला लागले. परवा एक भेटला तेव्हा विचारलं, तर म्हणाला, "राहू दे काका, नंतर बघू." आपण ज्याला उदासीनता म्हणता ती मला तरी त्या खिडकीवर तयार होताना दिसली.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलांचीही हीच कथा. काणकोण-सत्तरीहून पणजीत शिकायला आलेल्या मुलाला नाव गावी ठेवायचं की वसतिगृहाच्या पत्त्यावर, हे ठरवायची मुभा आहे. वसतिगृहाच्या पत्त्यासाठी शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाचा दाखला जोडावा लागतो. किती कॉलेजांनी ही गोष्ट मुलांना सांगितली आहे, याची बातमी आपण कराल काय?

आणि मतदानाची टक्केवारी. २०२२ च्या विधानसभेला गोव्यात ७९ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. ही टक्केवारी यादीतल्या नावांवर काढतात. ज्याचं नावच यादीत नाही, तो त्या हिशेबात कुठेच येत नाही. त्याच निवडणुकीत सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला आणि फोंड्याचा ७७ मतांनी. आमच्यासारख्या लहान मतदारसंघांत बारावीच्या दोन वर्गांएवढी मुलं निकाल फिरवू शकतात. मग त्यांना खिडकीवरून परत पाठवणं ही किरकोळ चूक कशी म्हणायची?

मी १९८९ मध्ये पहिलं मत दिलं. मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं ते त्याच वर्षी. तेव्हा गावच्या शाळेतले गुरुजी वही घेऊन घरोघर फिरले होते आणि आईला विचारून माझं नाव लिहून घेऊन गेले होते. मला कुठे खेटे घालावे लागले नाहीत.

आता आपल्याच दैनिकाबद्दल एक तक्रार, राग मानू नये. मतदार नोंदणी शिबिराची बातमी आपल्याकडे नेहमी शिबिर संपल्यावर येते, पाहुण्यांच्या नावांसकट. गेल्या खेपेला आमच्या पंचायतीतलं शिबिर रविवारी झालं आणि आम्हाला ते मंगळवारच्या अंकात कळलं. पुढचं शिबिर असेल तेव्हा आदल्या दिवशी जागा आणि वेळ छापा, आणि सोबत त्या चार तारखाही ठळक अक्षरांत द्या. म्हणजे मुलं कात्रण घेऊन खिडकीवर जातील.

आपला,
एक पालक