बडीशेप चघळून विडी सुटत नाही, मंत्रिमहोदय!

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री यांस,
स.न.वि.वि.

पत्रास कारण की, मागच्या आठवड्यात मी विडी सोडायला सरकारी रुग्णालयात गेलो होतो. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले होते, आता सोडा, नाहीतर ऑक्सिजनची नळी लावून बसाल. तंबाखूमुक्ती केंद्र सापडलं जिन्याखाली. पाटी नवीकोरी आणि दाराला कुलूप. केसपेपरच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, समुपदेशकाचं कंत्राट संपलंय, नवीन माणूस आलेला नाही, तोवर बडीशेप चघळा.

आपला राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम 2007-08 पासून चालू आहे म्हणे. दिल्लीहून निघाला आणि सोलापूरला पोचेपर्यंत त्याची बडीशेप झाली.

मी टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. तलफ येते पहाटे तीनच्या सुमारास. विडी नसली की बोटं थरथरतात, तुटलेल्या धाग्याला गाठ बसत नाही, माग थांबतो आणि मुकादम सगळ्यांदेखत आईबहिणीवरून बोलतो. घरी आलो की पोरावर उगाच खेकसतो. सकाळी पोट साफ होत नाही. हसू नका साहेब, कितीतरी विडीवाले सकाळची विडी ह्याच एका कारणासाठी सोडत नाहीत, आणि हे तुमच्या एकाही जाहिरातीत नसतं. जाहिरातीत नुसती सडलेली फुप्फुसं! ती आम्ही बघतो, पुडकं उलटं ठेवतो आणि ओढतो.

त्याच पुडक्यावर तंबाखू सोडायला मदत करणारा 1800-11-2356 हा सरकारी नंबर छापलेला असतो. सकाळी आठ ते रात्री आठ, सोमवारी सुट्टी. म्हणजे तलफेनं कार्यालयीन वेळेत यावं आणि सोमवारी तर येऊच नये.

विडीची तलफ मारायला निकोटिनचं च्युइंगम घ्या, असं शिकलेले लोक सांगतात. घेतलं. दहा गोळ्यांच्या पाकिटाच्या पैशात विडीची तीन-चार बंडलं येतात, हिशेब तुम्हीच करा. 2022 च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत तुम्ही निकोटिन घातलंत, तेव्हा वर्तमानपत्रात वाचून बरं वाटलं होतं. पण ते मिळतं कुठं? मी गेलो त्या सरकारी औषधखिडकीवर तरी ह्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं.

आणि वर हे. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेनं विडीवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आणायचं ठरवलं. तुम्ही म्हणाल, ते अर्थखात्याचं काम. मग तुमचं खातं त्या दिवशी काय करत होतं? देशात तंबाखूनं वर्षाला साडेतेरा लाख माणसं मरतात, हा आकडा तर तुमचेच लोक भाषणात सांगतात.

विडीवरच्या कराचा विषय निघाला की सगळ्याच पक्षांना विडी कामगार बायकांचा कळवळा येतो. माझी आई विडी कामगार होती. मांडीवर सूप, कात्रीनं पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हजार झाल्याशिवाय उठणं नाही. कारखान्यात त्यातल्या मूठमूठ विड्या खराब म्हणून बाजूला काढायचे. त्यांचे पैसे नाहीत आणि त्या विड्याही परत नाहीत. त्या पुढं कुणी ओढल्या, देव जाणे. शेवटी शेवटी तिला भाकरी थापतानाही खोकल्याची उबळ यायची. आयुष्यात तिनं एक विडी ओढली नव्हती. ह्या बायकांच्या कल्याण निधीसाठी विडीवर जो उपकर होता, तो 2017 मध्ये जीएसटी आणताना तुमच्याच सरकारनं बंद केला. तेव्हा कुठं होता कळवळा?

पण बोलायचं कुणाला? वाणिज्य खात्याचं तंबाखू मंडळ गुंटूरला बसून तंबाखूची निर्यात वाढवतं. एलआयसीकडे सिगारेट बनवणाऱ्या आयटीसी कंपनीचे पंधरा टक्क्यांच्या आसपास शेअर्स आहेत. म्हणजे माझ्या पॉलिसीचा हप्ता सिगारेटीत, आणि मी मेलो की क्लेमही तिथूनच! राज्यात गुटखाबंदी 2012 पासून आहे; आमच्या कारखान्याच्या फाटकावर कुठल्याही टपरीवाल्याला विचारा, तो खालून काढून देतो. धाड पडते ती हप्ता चुकला की. सगळ्यांचं पोट ह्यावर चाललंय, मोडतोय तो फक्त ओढणारा.

च्युइंगम दवाखान्यात फुकट द्या. त्या खोलीत पगारी माणूस बसवा. फोन रात्रीही उचला. आणि आईसारख्या बायकांना सूप खाली ठेवता येईल असं दुसरं काम द्या. एवढंच मागणं आहे.

कुलपाची तक्रार मी पोर्टलवरही केली होती. परवा मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे'. काल पुन्हा जाऊन बघितलं. कुलूप तेच आहे, पाटी पुसलेली दिसली.

आपला,
एक विडी ओढणारा करदाता, सोलापूर