माझ्या खतावणीतला रशिया

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी आपल्या अर्थविषयक पानावर परदेशी बाजारांतल्या गुंतवणुकीवर लेख आला. त्यात 'भू-राजकीय जोखीम' (देशादेशांतल्या भांडणांत पैसे अडकण्याची भीती) हे शब्द किती वेळा आले ते मी पेन्सिलीनं मोजलं. अकरा वेळा. पण ही जोखीम कुठल्या देशाची, कुठल्या कागदाची आणि वाचकाच्या किती रुपयांची, हे एकदाही आलं नाही. 'तुरळक ठिकाणी सरी पडण्याची शक्यता' असं वेधशाळेनं सांगावं आणि छत्री घ्यायची की नाही ते ज्याचं त्यानं बघावं, तशातली गत.

मी एका सहकारी सूतगिरणीत ३१ वर्षं हिशेब लिहिले. निवृत्त झाल्यावर सवय जाईना म्हणून घरची खतावणी लिहिते, लाल कापडी पाठीची, लांबडी. दूध, वीज, औषधं, नातीची फी अशी पानं आहेत. त्यातल्या एका पानाच्या डोक्यावर 'रशिया' असं लिहिलेलं आहे. घरचे हसतात. पण ते पान कसं उघडलं हे सांगण्यासारखं आहे.

२०१९ मध्ये बँकेतला मुलगा म्हणाला, "काकू, नातीला बाहेर शिकायला पाठवायचंय ना? मग थोडं डॉलरमध्ये असू द्या, रुपया काय घसरतोच." फंड असा होता की पैसे इथे घ्यायचे आणि पुढे परदेशातल्या एका मोठ्या फंडात टाकायचे. तो मोठा फंड चीन, तैवान, कोरिया, ब्राझील अशा 'उदयोन्मुख' देशांतले शेअर घेणार. पत्रकावर हिरवं पान छापलेलं आणि खाली 'जबाबदार गुंतवणूक'. मी विचारलं, "यात तंबाखू नाही ना?" आमच्या घरातला एक माणूस तंबाखूनं गेलाय. तो म्हणाला, "नाही काकू, तंबाखू नाही, शस्त्रं नाहीत." मला बरं वाटलं. एकरकमी १,६०,००० भरले आणि महिना २,००० ची एसआयपी लावली.

कंपन्यांची यादी मी चष्मा लावून वाचली. देशांची यादी वाचली नाही. जिनिंगवाल्याचा माल घेताना आधी त्याची जागा कुणाच्या नावावर आहे ते बघणारी मी, इथे सातबारा बघायचाच विसरले.

फेब्रुवारी २०२२ च्या सुरुवातीला फंडाचा निरोप आला, एसआयपी थांबवली आहे. भारतातल्या सगळ्या म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात ७ अब्ज डॉलरच गुंतवायचे अशी मर्यादा आहे, ती भरत आली होती. मी चडफडले. तीनच आठवड्यांनी, २४ फेब्रुवारीला, टीव्हीवर युक्रेनमध्ये शिरणारे रशियाचे रणगाडे दिसले. तेव्हाही माझ्या डोक्यात आधी आलं ते तेल. आपल्याकडे बाहेरून येणारं सूर्यफुलाचं तेल बहुतेक युक्रेनचंच असायचं. आमच्या वाण्यानं लगेच हात आखडता घेतला, "काकू, आज दोनच पिशव्या." युद्ध स्वयंपाकघरात आठवड्याभरात पोचलं. खतावणीत पोचायला त्याहून वेळ लागला.

२४ फेब्रुवारीलाच मॉस्कोचा शेअर बाजार एका झटक्यात तिसऱ्या हिश्शानं खाली आला. २८ फेब्रुवारीपासून तिथली शेअरची खरेदीविक्री बंदच. २४ मार्चला ३३ कंपन्यांपुरता बाजार उघडला, पण परदेशी माणसानं विकायचं नाही या अटीवर. रशियाची सर्वांत मोठी बँक स्बेरबँक. तिच्या शेअरच्या बदली लंडनच्या बाजारात चालणाऱ्या पावत्या २ मार्चला एका सेंटच्या आसपास आल्या आणि दुसऱ्या दिवशी तिथलेही व्यवहार थांबले. अर्ध्या जगाचे फंड ज्यांच्या निर्देशांकाकडे बघून पैसे वाटतात त्या एमएससीआयनं रशियाला ९ मार्चला यादीतून काढलं. कुठल्या भावानं? जवळजवळ शून्य.

जानेवारीअखेरच्या पत्रकात माझ्या फंडात रशिया चार टक्क्यांच्या आसपास होता. माझ्या हिशेबानं साडेनऊ हजार रुपये. मार्चच्या पत्रकात तो रकाना कोरा. मी फोन केला तर तो मुलगा बदलून गेलेला. नवीन मुलगी म्हणाली, "काकू, लाँग टर्मचा विचार करा. चारच टक्के तर होते."

संपादक महाशय, साडेनऊ हजारांसाठी मी पत्र लिहीत नाही. एवढे तर एका लग्नाच्या आहेरात जातात. माझं भांडण त्या शून्याशी आहे.

गिरणीत असताना एका व्यापाऱ्याकडे रुईसाठी दिलेली आमची उचल अडकली होती. दुकानाला कुलूप, माणूस गायब. लेखापरीक्षक म्हणाले, पूर्ण रकमेची तरतूद करा, म्हणजे ती बुडाली असं धरून तोटा दाखवा. आम्ही केली. पण खातं मिटवलं नाही. 'बुडीत व संशयित येणी' या सदराखाली त्याचं नाव दरवर्षी ताळेबंदात येत राहिलं, अध्यक्ष दरवर्षी विचारायचे, "हा अजून आहेच का?" आठ वर्षांनी दाव्यात थोडी रक्कम हाती आली. ती कशापोटी आली आणि कुठे जमा करायची, यावर एक मिनिट वाद झाला नाही.

इथे काय झालं? त्या रशियन कंपन्या गायब झाल्या नाहीत. बँक चालू आहे, तेल वाहतं आहे. परदेशी भागधारकांचा लाभांश तिथेच गोठवलेल्या 'सी' खात्यांत जमा होतो. उद्या तह झाला, खाती मोकळी झाली, तर शून्याचे पुन्हा पैसे होतील. कुणाचे? फंडाच्या रीतीप्रमाणे त्या दिवशी जो युनिटधारक असेल त्याचे. एप्रिल २०२२ मध्ये घाबरून बाहेर पडला त्याला काही नाही. तोट्याशी काही संबंध नसलेला, काल आत आला त्याला वाटा. मी २०२४ मध्ये नातीच्या फीसाठी सगळे युनिट मोडले. म्हणजे माझा रशिया आता कुण्या अनोळखी माणसाच्या नावावर आहे. त्यालाही हे ठाऊक नसेल.

यावर इलाज नाही असं कुणी सांगू नये. शेअर बाजारावर आणि फंडांवर देखरेख करणाऱ्या आपल्याच सेबीनं डिसेंबर २०१८ मध्ये कर्जरोख्यांच्या फंडांसाठी सोय केली: बुडू लागलेला कागद वेगळ्या कप्प्यात काढायचा आणि त्या दिवशी जे धारक असतील त्यांच्या नावे त्या कप्प्याचे युनिट लावायचे. पुढे वसुली झाली तर पैसे त्यांनाच. ब्रिटनच्या नियामकानं २०२२ मध्ये रशियात अडकलेल्या फंडांना असाच कप्पा काढायची मुभा दिली. परदेशी शेअरच्या फंडांत पैसे घालणाऱ्या आपल्या माणसांसाठी अशी सोय का नको, असं मी फंडाला लिहून विचारलं. उत्तर सभ्य होतं: मूळ फंड परदेशात आहे, आम्ही फक्त त्याचे युनिट धरतो. म्हणजे माल आमचा, गोदाम दुसऱ्याचं, किल्ली तिसऱ्याकडे.

आता 'जबाबदार' या शब्दाकडे येते. या बाबतीत सगळे नॉर्वेच्या सरकारी फंडाचं नाव घेतात. समुद्रातल्या तेलाच्या आणि वायूच्या पैशातून उभा राहिलेला, जगातला सर्वांत मोठा असा फंड. कुणात पैसे घालायचे नाहीत हे सुचवायला २००४ पासून त्यांची नीतीविषयक समितीसुद्धा आहे. २०२१ च्या अखेरीस त्यांच्याकडे रशियातली गुंतवणूक सुमारे २५ अब्ज क्रोनरची (हे नॉर्वेचं चलन) होती. २७ फेब्रुवारी २०२२ ला, रविवारी, सरकारनं जाहीर केलं की आम्ही रशियातून बाहेर पडणार. सोमवारी बाजार उघडलाच नाही. घोषणा झाली आणि शेअर तिथेच अडकून राहिले. आणि पुढची गंमत बघा. त्याच वर्षी फंडाला गुंतवणुकीत १४.१ टक्के तोटा झाला, पण युद्धामुळे वायूचे भाव इतके चढले की सरकारनं तेल-वायूच्या कमाईतून फंडात एक हजार अब्ज क्रोनरहून जास्त भरणा केला. ज्या युद्धाचा निषेध म्हणून बाहेर पडायचं होतं, त्याच युद्धानं तिजोरी भरली. यात नॉर्वेचा दोष आहे असं मी म्हणत नाही. पण हिरव्या पानावर हे कुठे छापायचं?

तरी त्यांची एक गोष्ट मला मनापासून आवडते. ज्या कंपनीला ते वगळतात तिचं नाव आणि कारण उघड्यावर मांडतात. त्या यादीत आपलीही नावं आहेत. बांगलादेशातल्या सुंदरबनजवळच्या रामपाल वीजप्रकल्पामुळे आपली वीजयंत्रं बनवणारी सरकारी कंपनी भेल २०१७ मध्ये त्या यादीत गेली. मे २०२४ मध्ये अदानी पोर्ट्स गेली. हिचा शेअर निफ्टी ५० मध्ये, म्हणजे देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात आहे. म्हणजे ज्या कुणी निफ्टीच्या इंडेक्स फंडात महिना पाचशे रुपये टाकले, त्याच्याही घरात तो आला.

अदानी पोर्ट्स म्यानमारमधल्या यांगूनला कंटेनर टर्मिनल बांधत होती. जमीन भाडेपट्ट्यानं घेतलेली, मालक म्यानमारच्या लष्कराची कंपनी. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्करानं सत्ता बळकावली. नॉर्वेच्याच केएलपी या पेन्शन कंपनीनं त्या वर्षीच आपले शेअर काढून टाकले. अदानी पोर्ट्सनं तिथे सुमारे १२ कोटी ७० लाख डॉलर घातले होते. मे २०२३ मध्ये तो प्रकल्प विकला ३ कोटी डॉलरना. आणि विकल्यावरही नॉर्वेच्या समितीचं समाधान झालं नाही. त्यांचा प्रश्न होता, घेणारा कोण? त्याचा लष्कराशी संबंध नाही हे कशावरून?

हे वाचून मला माझे जुने साहेब आठवले. रुईची गाडी आली की ते भाव नंतर विचारायचे, आधी "माल कुणाचा, जागा कुणाची?" जमिनीचा मालक बंदुकीवाला असेल तर त्या व्यवहारात नीतीचा प्रश्न आणि पैशाचा प्रश्न असे दोन रकाने पाडताच येत नाहीत. आपल्या लेखात मात्र ते दोन वेगळ्या चौकटींत छापले होते, एक डावीकडे आणि एक उजवीकडे.

मी काही धुतल्या तांदळाची नाही. माझ्या स्कूटीत ज्या पंपावर पेट्रोल भरते तो नायराचा आहे. त्या कंपनीत ४९.१३ टक्के भाग रशियाच्या रोस्नेफ्ट या तेल कंपनीचा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघानं तिच्या वाडीनारच्या रिफायनरीवर निर्बंध लावले, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं सेवा थांबवल्यामुळे कंपनीचे ईमेलच बंद पडले आणि तिला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. त्या दिवसांतही मी तिथेच रांगेत उभी होते, कारण तो पंप घराजवळ आहे. म्हणून मला कुणाला उपदेश करायचा नाही. मला फक्त माहिती हवी आहे, आणि तीही पैसे द्यायच्या आधी.

मागच्या महिन्यात जावई असलाच एक फंड घेऊन आले. "आई, हा डायव्हर्सिफाइड आहे, चोवीस देश आहेत." या वेळी मी देशांचंच पान आधी उघडलं. चीन आणि तैवान मिळून जवळपास निम्मा फंड. सर्वांत मोठा एकटा शेअर तैवानच्या चिप बनवणाऱ्या टीएसएमसीचा. मी नातवाचा शाळेचा नकाशा काढून त्यांच्यापुढे ठेवला. एकाच सामुद्रधुनीचे दोन काठ, आणि पलीकडचा काठ आपलाच आहे असं अलीकडचा उघड म्हणतो. जावई म्हणाले, "तिकडे काही होणार नाही हो." होणार नाहीच, माझीही तीच इच्छा आहे. पण १ फेब्रुवारी २०२२ ला रशियाबद्दल मला कुणी विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं.

तेव्हा आपल्याला विनंती एवढीच. परदेशी फंडाबद्दल लिहाल तेव्हा तीन-चार ओळींचा एक तक्ता द्या: कुठल्या देशात किती टक्के, त्यातल्या कुठल्या देशातून परदेशी माणसाला पैसे काढता येणं पूर्वी बंद झालं होतं, फंडानं कुठली कंपनी का वगळली, आणि दार बंद झालं तर आतला माल कुणाच्या नावावर राहणार. जागा कमी पडत असेल तर 'भू-राजकीय' हा शब्द दहा वेळा गाळा, सहज मावेल.

माझं रशियाचं पान मी फाडलेलं नाही. युनिट मोडले तरी साडेनऊ हजारांचा आकडा तिथे आहे आणि त्याच्यापुढे 'संशयित' असं लिहिलं आहे. पेन्सिलीनं लिहिलंय, शाईनं नाही.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस, मिरज

(नाव छापू नये ही विनंती. जावई बँकेत आहेत.)