यकृतातला मुका पाहुणा

माननीय संपादक महोदय,

हिपॅटायटिस ‘बी’ची लागण झालेल्या अनेकांना वर्षानुवर्षे कावीळ, ताप असे कोणतेच लक्षण जाणवत नाही, विषाणू मात्र यकृत पोखरत राहतो आणि रक्तावाटे, तसेच प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला, पुढे जातो. १९८२ च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून झालेली लागण आपल्याला सुमारे वीस वर्षांनी कळली, असे आपल्या मुंबईचे अमिताभ बच्चन यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. एकत्र जेवल्याने हा विषाणू पसरत नाही, तरी आमच्या चाळीत एका शेजाऱ्याचा पेला वेगळा ठेवला गेला (शिकलेल्या घरांतही, हे विशेष!). जन्मानंतर २४ तासांत बाळाला लस मिळते; पण लसीकरणाआधी जन्मलेल्या आम्हा प्रौढांसाठी पालिकेच्या दवाखान्यांत हिपॅटायटिस ‘बी’ची रक्ततपासणी सरसकट व्हावी, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, परळ, मुंबई