बस्तान बसायची वाट बघू नकोस

दादर, मुंबई

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आठवडा शिकवण्यात जातो, खोली भाड्याची, छाप काढायला प्रेस नाही. बस्तान बसलं की माझं काम सुरू करेन." तेव्हापासून तेच डोक्यात आहे, म्हणून लिहिते.

छापचित्रं करणाऱ्या चित्रकार झरीना हाश्मींचं बघ. १९३७ साली अलीगढला जन्म, शिक्षण गणिताचं. नवऱ्याच्या परराष्ट्र खात्यातल्या नोकरीमुळे बँकॉक, पॅरिस अशी गावं फिरल्या. पॅरिसला हेटर या चित्रकाराच्या 'आतेलिए १७' या कार्यशाळेत प्रिंटमेकिंग, म्हणजे छापचित्रं करणं, शिकल्या. तोवर माहेर अलीगढहून कराचीला गेलेलं. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कला आल्या. बस्तान म्हणावं असं होतं कुठे? पण हात थांबला नाही. तिथे त्या बायकांना हातकागद बनवायला शिकवायच्या, आणि तसाच लगदा साच्यात ओतून स्वतःची शिल्पं करायच्या. शिकवणं त्यांच्या कामातच मिसळलेलं होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्यांचं २००१ सालचं फाळणीच्या रेषेचं वुडकट, लाकडी ठशाचं छापचित्र, तुला आठवत असेल. ती रेष त्यांनी कोरलेली नाही. दोन्ही बाजूंचं लाकूड कोरून काढत गेल्या, तेव्हा मधे शाई धरणारी रेष उरली. आमच्या आठवीच्या वर्गात कोरायला लिनोचा मऊ तुकडा दिला की मुलं हमखास रेषच खणतात आणि छाप आला की म्हणतात, "बाई, पांढरी कशी आली?" मग मी हेच चित्र दाखवते. एका पोराने ते बघून पुढच्या तासाला लोकलच्या दाराचा दांडा असा कोरला की मी बघतच राहिले! असं काही दिसलं की त्या दिवशी घरी येऊन मीही कागद काढते. तुझ्या वर्गातही होईल असं, लक्ष ठेव.

आणि त्यांच्या बहिणीची, राणीची पत्रं. आईवडील गेले, घर विकलं, त्या वेळी तिने लिहून ठेवलेली, पण टपालात न टाकलेली. बऱ्याच वर्षांनी ती हाती आली, तेव्हा झरीनांनी त्या उर्दू ओळींवर घरांचे आराखडे नि नकाशे छापले.

प्रेस नसला तर पातळ कागद घे आणि चमच्याच्या पाठीने घासून छाप काढ. लाकडाचा एक तुकडा याच महिन्यात आण. पहिला छाप बिघडला तरी मला पाठव, मात्र गुंडाळी करून. घडी घातलीस तर शाई चिकटेल.

बाबा आशीर्वाद सांगतात.

तुझी,
आई