नेपल्सच्या ताईंना, ‘इल मात्तीनो’ वाचून दाखवल्याबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

यंदा पत्रकारितेच्या वर्गात परदेशातलं एखादं मुरलेलं प्रादेशिक दैनिक शिकवायचं ठरवलं आणि नेपल्सचं ‘इल मात्तीनो’ निवडलं. इटालियन मला येत नाही. ओळखीतून तुमचा नंबर मिळाला. तुम्ही नोकरी-घर सांभाळून ग्रंथालयात गेलात, जुने अंक काढून घेतलेत आणि रात्री फोनवर ओळन् ओळ मराठीत सांगितलीत. त्याचे आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे पत्र.

माटिल्डे सेराओ आणि त्यांचे पती एदोआर्दो स्कार्फोल्यो यांनी मार्च १८९२मध्ये हे दैनिक काढलं. सेराओबाई त्याआधी काही काळ तारखात्यात नोकरीला होत्या. १८८४च्या कॉलऱ्यानंतर त्यांनी नेपल्सच्या गल्लीबोळांतल्या गरिबांवर लिहिलं होतं: ती माणसं काय खातात, लॉटरीपायी कशी नागवली जातात, सावकाराच्या तावडीत कशी सापडतात. हा भाग तुम्ही वाचून दाखवलात, त्या दिवशी वर्गात कुणाला तास संपल्याचं भान नव्हतं.

मग १९८०. २३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी नेपल्सजवळच्या इर्पिनिया या डोंगराळ भागात भूकंप झाला. जवळपास तीन हजार माणसं गेली आणि डोंगरातल्या गावांपर्यंत मदत पोचता पोचेना. २६ तारखेच्या पहिल्या पानावर भलामोठा मथळा होता: ‘फाते प्रेस्तो’, त्वरा करा. जे अजून जिवंत आहेत त्यांना वाचवायला, ज्यांचं काहीच उरलं नाही त्यांना हात द्यायला. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने पुढे याच पानावरून चित्र केलं. मला मात्र ते पान बातमीदारीचा धडा म्हणूनच मोठं वाटतं. सरकारला असं खडसावून सांगायचा हक्क त्या दैनिकाला होता, कारण ढिगाऱ्याखालची माणसं त्याच्या वाचकांपैकीच होती.

सगळ्यात मोठे आभार जांकार्लो सियानीच्या बातमीसाठी. मी तुमच्याकडे सारांश मागितला होता. ‘सारांशात यातलं काहीच उरणार नाही, पूर्ण ऐका,’ असं तुम्ही ठामपणे सांगितलंत. किती बरोबर होतं ते! सियानी ‘इल मात्तीनो’ला नेपल्सजवळच्या तोर्रे आन्नुन्झियाता गावाच्या बातम्या द्यायचा. बरीच वर्षं कायम नोकरी नाही, आपल्याकडच्या तालुका वार्ताहरासारखीच गत. जून १९८५मध्ये तिथला कामोर्राचा, म्हणजे नेपल्सकडच्या माफियाचा, म्होरक्या वालेंतीनो जोंता पकडला गेला. इतरांनी अटकेची बातमी दिली. सियानीने विचारलं, तो पकडला गेला कुठे? मारानोत, म्हणजे नुव्होलेत्ता टोळीच्या इलाख्यात, स्वतःच्या मित्रांकडे. मग १० जूनच्या अंकात त्याने लिहिलं, की प्रतिस्पर्धी टोळीशी तह करण्यासाठी नुव्होलेत्तांनीच जोंताला पकडून देऊन ही किंमत मोजली असावी. कोणता रस्ता कुणाच्या हद्दीत येतो, हे पाठ असलेल्या माणसालाच असा प्रश्न पडतो. राजधानीतून येऊन दोन दिवस राहणाऱ्याला तो पडत नाही.

२३ सप्टेंबरच्या रात्री घराजवळ, नेपल्समधल्या व्होमेरोच्या टेकडीवर, त्याच्या उघड्या मेहारी गाडीतच त्याला गोळ्या घातल्या. चारच दिवसांपूर्वी त्याला सव्वीस वर्षं पूर्ण झाली होती. जन्मठेपेच्या शिक्षा व्हायला १९९७ उजाडलं.

ती बातमी तुम्ही वाचत होतात तेव्हा मी फोन स्पीकरवर टाकला होता. नंतर एका मुलीने विचारलं, ‘सर, या एका बातमीचे त्याला पैसे किती मिळाले असतील?’ तिचे वडील एका दैनिकाचे तालुका वार्ताहर आहेत. त्या प्रश्नावर आम्ही उरलेला तास बोललो. ठरवलेला धडा राहिला, पण मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

मुलांनी तुमच्यासाठी प्रश्नांची यादी केली आहे. सेराओबाईंबद्दलचेच सर्वांत जास्त आहेत. दिवाळीत घरी याल तेव्हा एक दिवस कॉलेजसाठी ठेवा. आणि या कामात झेरॉक्सचा, प्रवासाचा जो खर्च झाला, तो आता तरी कळवा. दरवेळी टाळता.

आपला,
एक शिक्षक