लेबर्नच्या त्या एका किलोमीटरसाठी: काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

लेबर्नहून परतल्यापासून तुमचे आभार मानण्याचा मी तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा "गाडीचं तेल बदललंस का?" असे विचारून तुम्ही विषय बदललात. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहे. इथे तुम्हाला मला मध्येच थांबवता येणार नाही.

ज्यांनी लेबर्न पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगायला हवे. क्वीन्सलंडमधील डार्लिंग डाउन्सवरचे हे गाव इतके लहान आहे की एरवी त्यातून जाणाऱ्या माणसाला गाव कधी लागले आणि कधी संपले हे कळतही नाही. ऑगस्टमधल्या एका शनिवार-रविवारी मात्र गावातले रस्ते वाहतुकीला बंद होतात आणि सुमारे एक किलोमीटरच्या वाटेवर दोनशेच्या घरात गाड्या एकेक करून धावतात. शेजारी दुसरी गाडी नसते, शर्यत फक्त घड्याळाशी असते. हा प्रकार 1996 मध्ये सुरू झाला, पण त्याचे मूळ 1949 मध्ये आहे. त्या वर्षीची ऑस्ट्रेलियन ग्रां प्री ही मोठी मोटारशर्यत गावाबाहेरच्या, दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलेल्या विमानतळाच्या धावपट्ट्यांवर झाली आणि जॉन क्राउच यांनी डेलाहे गाडी चालवून ती जिंकली. ही हकिगत मला तुमच्याकडूनच कळली. टूवूंबाला मुलीकडे येऊन तुम्हाला जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि तासाभराच्या अंतरावरचे हे गाव इथे बारा वर्षे राहूनही मी पाहिलेले नव्हते.

माझी जुनी स्विफ्ट जीटीआय तुम्ही पहिल्यांदा पाहिलीत तो दिवस मला लख्ख आठवतो. बॉनेट उघडताच तुम्ही हसलात आणि म्हणालात, "अरे, ही तर आपल्या एस्टीमची बहीण." तीस वर्षे मारुतीच्या गाड्या उघडून पुन्हा जोडणाऱ्या माणसाला ते 1.3 लिटरचे इंजिन परके वाटण्याचे कारणच नव्हते. जिप्सीतही त्याच घराण्यातले इंजिन होते. इथे त्याच्या माथ्यावर व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट एकाऐवजी दोन, हाच काय तो मुख्य फरक. त्या दिवशी मी तुम्हाला मोठ्या उत्साहाने नव्या सायलेन्सरचे चित्र दाखवले होते. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून ते नीट पाहिलेत आणि म्हणालात, "सायलेन्सरने गाडी वळत नाही." मला राग आला होता, हे आता कबूल करतो.

सायलेन्सरचे पैसे वाचले ते टायर, ब्रेक पॅड आणि हेल्मेट यांत गेले. त्यातला ब्रेकचा दिवस मी विसरणार नाही. तुमच्या गॅरेजमध्ये गाडी चार स्टँडवर उभी होती, मी आत बसून पेडलवर पाय ठेवला होता आणि तुम्ही चाकामागून "दाब… धर… सोड" असे एका लयीत सांगत होतात. बाहेर आल्यावर तुम्ही मला काचेची बरणी दाखवलीत. पारदर्शक नळीतून उतरलेले जुने ब्रेक ऑइल काढ्यासारखे काळपट होते आणि त्यावर बारीक बुडबुडे तरंगत होते. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, ओलाव्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि नेमके जोरात ब्रेक लावताना ते उकळून पेडल मऊ पडते, हे मी वाचून जाणत होतो. तरी चार वर्षांत ते एकदाही बदलले नव्हते. तुम्ही बोलला काहीच नाहीत. नुसती ती बरणी खिडकीत ठेवलीत, आणि पुढचा महिनाभर ती तिथेच होती. तो टोमणा होता की विसरभोळेपणा, हे मला अजून कळलेले नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो भाग तुम्हालाही कंटाळवाणा वाटला होता. मान्यताप्राप्त क्लबचे सदस्यत्व, मोटरस्पोर्ट ऑस्ट्रेलियाचे लायसन्स आणि प्रवेश अर्ज या तिन्ही गोष्टी तुम्ही पाठपुरावा केला नसता तर मुदतीनंतरच पूर्ण झाल्या असत्या. अर्जात "गाडीत केलेले बदल" या रकान्यापुढे मी काहीतरी भारदस्त लिहू पाहत होतो. तुम्ही "काही नाही" असे लिहायला लावलेत.

शुक्रवारी संध्याकाळी आपण ती वाट पायी फिरलो. गुडघा दुखत असतानाही तुम्ही दोन फेऱ्या घातल्यात. पहिल्या फेरीत मी वळणे पाहत होतो आणि तुम्ही रस्ता पाहत होतात, हा आपल्यातला फरक मला दुसऱ्या फेरीत उमगला. गावातला रस्ता पाणी वाहून जावे म्हणून मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे वळणाच्या बाहेर सरकलेली गाडी उतारावर जाते आणि तिची पकड आणखी सुटते. थांबण्याच्या पांढऱ्या पट्ट्या गुळगुळीत असतात, त्यांच्यावर ब्रेक लावू नये. डांबराचे एक नवे ठिगळ तुम्ही बुटाच्या टाचेने घासून पाहिलेत आणि म्हणालात, "सकाळी हे गार असेल, दुपारी बरं होईल." शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी घसरली तर बहुधा गवतावर जाते, इथे पलीकडे कोणाचे तरी फाटक, विजेचा खांब किंवा कुंपण असते. मी आधी ज्या वळणावर शौर्य दाखवणार होतो, तिथे ते फाटक पाहून माझा बेत बदलला.

शनिवारी पहाटे कडाक्याची थंडी होती आणि तांत्रिक तपासणीच्या रांगेत माझे हात त्यापेक्षाही गार पडले होते. बॅटरीची जागा दाखवणारा निळा त्रिकोण होता, चटया काढलेल्या होत्या, चाके सैल हलत नव्हती. आग विझवण्याचा सिलिंडर मात्र अडला. तो गाडीत बसवण्यासाठी दुकानदाराने "चालेल" म्हणून दिलेली पकड प्लास्टिकची होती आणि नियमाप्रमाणे ती धातूची हवी. नियम रास्तच आहे. धक्का बसला की प्लास्टिक तुटते आणि किलोभराचा तो सिलिंडर गाडीत मोकाट सुटतो. मी त्या दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या देत असताना तुम्ही आपल्या पिशवीतून पोलादी पट्टी असलेली पकड, दोन बोल्ट आणि वायसर काढलेत. आदल्या रात्री तुम्ही ते पाहिले होते, दुसरी पकड बरोबर घेतली होती, तरी मला सांगितले नव्हते. का, असे विचारल्यावर म्हणालात, "रांगेतून परत पाठवलं की माणूस नियम विसरत नाही." शिकवण्याच्या या पद्धतीबद्दल माझे मत अजूनही वेगळे आहे, पण नियम मी विसरलेलो नाही.

पहिल्या धावेत मी तुमचे मुख्य सांगणे मोडले. हिरवा दिवा लागला म्हणजे निघण्याची परवानगी मिळाली, घड्याळ तेव्हा सुरू होत नाही; गाडीच्या नाकाने सुरुवातीच्या रेषेवरचा प्रकाशकिरण तोडला की मगच सुरू होते, तेव्हा श्वास घे आणि सावकाश निघ, असे तुम्ही किमान दहा वेळा बजावले होते. दिवा हिरवा होताच मी क्लच सोडून दिला. पुढची चाके जागच्या जागी फिरली, धूर झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला फार वेगात गेल्यासारखे वाटले. वेळ आली 58.9 सेकंद. स्पर्धेतल्या सर्वांत चपळ गाड्या तेच अंतर चाळीस सेकंदांच्या आसपास कापत होत्या.

परत आलो तेव्हा तुम्ही बोलण्याऐवजी खिशातून पांढरा खडू काढलात आणि पुढच्या टायरच्या खांद्यावर तीन ठिकाणी आडव्या रेघा ओढल्यात. दुसऱ्या धावेनंतर त्या रेघा अगदी टायरच्या कुशीवरच्या अक्षरांपर्यंत पुसल्या गेल्या होत्या, म्हणजे टायर वळणात कुशीवर लोळत होता. तुम्ही हवेचा दाब थोडा वाढवलात, पुन्हा रेघा ओढल्यात, आणि पुढच्या धावेनंतर निम्मी रेघ शिल्लक राहिलेली मला बोटाने दाखवलीत. एका साध्या खडूने गाडी काय सांगते आहे ते वाचता येते, हे मला तिथे गुडघ्यांवर बसून कळले. रविवारच्या शेवटच्या धावेत मी दिवा हिरवा झाल्यावर खरोखरच एक श्वास घेतला, फाटकाच्या वळणाआधी ब्रेकचे पेडल दाबले आणि ते दगडासारखे घट्ट होते. 55.3 सेकंद. माझ्या गटात मी शेवटून तिसरा आलो. तुम्ही कागदावर आकडा लिहून त्याखाली रेघ मारलीत आणि थर्मासमधला चहा मला दिलात. त्याआधी दोन दिवस तो फक्त तुम्हीच पीत होतात.

काका, ब्रेकसाठी, पकडीसाठी, खडूसाठी, त्या दोन फेऱ्यांसाठी आणि घेऊ न दिलेल्या सायलेन्सरसाठी मनापासून आभार. गाडीचे तेल काल बदलले आहे. तुमचा दहा-अकराचा पाना माझ्याच टूलबॉक्समध्ये राहिला आहे. रविवारी सकाळी आणून देतो, आणि खिडकीतली ती बरणी आता कृपया टाकून द्यावी.

आपला कृतज्ञ,
स्विफ्टवाला शेजारी